रुचिका मॅडम आणि दहा सोप्या पायऱ्या

मास्तरांनी वर्गात विचारलं, वडिलांचा व्यवसाय काय? आमची रेणू, इयत्ता पाचवी, उभी राहिली आणि म्हणाली, "काही नाई सर. बाबा घरी राहते."

हे मला रेणूनं सांगितलं नाही. मास्तरांनी सांगितलं, आणि तेही आठवडी बाजारात, वांगी निवडता निवडता, चार लोकांसमोर. म्हणाले, "शिष्यवृत्तीच्या फॉर्मात तेवढा रकाना रिकामा ठेवला आहे खुशालभाऊ. सुट्टीनंतर लिहून पाठवा. काही असंल तर."

काही असंल तर! वांगी तिथंच टाकून मी घरी आलो. माझं नाव खुशाल भेंडारकर. हे नाव कोणी आणि काय पाहून ठेवलं ते मला माहीत नाही. चाळीस वर्षांत मी अर्धा तासही खुशाल बसलेलो नाही.

मी लेखक आहे. सकाळी आठला बसतो, संध्याकाळी सहाला उठतो. बांधावर वानरांसारखे दिवसभर बसून राहणारे लोक उद्योगी, आणि मी खुर्चीवर बसतो म्हणून रिकामा, असा आमच्या करंजटोल्याचा हिशेब आहे. पुण्याच्या एका वेबसाइटसाठी मी लिहितो. कोणता मोबाइल घ्यावा, कोणत्या गेममध्ये पहिल्या दहात कसं यावं, अमक्या मालिकेत पुढच्या आठवड्यात काय होणार, घरबसल्या भरघोस कमाई कशी करावी. यातला एकही मोबाइल मी हातात घेतलेला नाही. मी खेळलेला शेवटचा खेळ विटीदांडू. मालिकेचं भविष्य दुर्गेश्वरीला, म्हणजे बायकोला, भाकरी थापताना विचारतो. तिचा अंदाज सहसा चुकत नाही, कारण सगळ्या मालिकांत सासूच जिंकते. राहिली भरघोस कमाई. तिच्याबद्दल लिहिणाऱ्याला ती झाली असती, तर तो लिहीत बसला असता का, एवढा साधा प्रश्न वाचकाला पडत नाही. यावर आमचा धंदा चालतो.

मग लोकांना माहीत का नाही? कारण लेखाखाली माझं नाव नसतं. संपादकानं पहिल्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं, "खुशाल हे नाव टेक्नॉलॉजीला शोभत नाही हो. गंमत वाटते." मग त्यानं रुचिका सरंजामे हे नाव काढलं आणि बाजूला एका चष्मेवाल्या बाईचा फोटो चिकटवला. खाली लिहिलं, तंत्रज्ञान तज्ज्ञ. मी तेव्हा हो म्हणालो. त्या 'हो'ची फळं आता सांगतो.

बाजारातून आलो तो तसाच ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक लीलाधरजी कॉम्प्युटरसमोर बसले होते. म्हटलं, मी लेखक आहे असा दाखला पाहिजे. त्यांनी माउस फिरवला.

"शेती, शेतमजुरी, नोकरी, व्यापार, इतर. यात लेखक नाई."

"इतरमध्ये टाका."

"इतरमध्ये काय लिहू?"

"लेखक."

"इतरमध्ये लिहिता येत नाई. इतर म्हणजे इतर."

"मग मी कोण?"

लीलाधरजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पुरावा आना. तुमचं नाव छापलेलं काही. मग साध्या कागदावर, शिक्का मारून देतो."

मी मोबाइल काढला, लेख दाखवला. त्यांनी फोटो मोठा केला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. "हे तर बाई आहे."

"ती मीच आहे."

"खुशालभाऊ," ते हळूच म्हणाले, "घरी कोनी मोठं मानूस असंल तर उद्या संगं घेऊन या."

आता माझा शेजारी केशोराव. हा धानाचा व्यापारही करतो आणि मंडई समितीचा अध्यक्षही आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. लेकी-जावई येतात, सोयरे येतात, दुपारभर दंडार चालते. दंडार म्हणजे ढोलकी, गाणी आणि साड्या नेसून बायकांचं काम करणारे गावातलेच मिशीवाले. पण यंदा गावचे तीसेक जण हैदराबादला कामावर अडकलेले. त्यांना सुट्टी नाही. म्हणून केशोरावनं ठरवलं, मंडई मोबाइलवरून लाइव्ह दाखवायची. संध्याकाळी तो कुंपणावरून ओरडला, "खुशाल, आयक! काय लिहिते बाई, वाह! 'गावातला कार्यक्रम लाइव्ह कसा दाखवावा : दहा सोप्या पायऱ्या'."

तो लेख मी मार्चमध्ये लिहिला होता. खऱ्या पायऱ्या चारच आहेत. मोबाइल चार्ज करा, नेट पाहा, ॲप उघडा, लाल बटण दाबा. चारात लेख संपतो. पण संपादकाला दहाच लागतात. दहापेक्षा कमी पायऱ्यांवर माणूस चढत नाही, असा त्याचा अभ्यास आहे. म्हणून उरलेल्या सहा मी एका दुपारी, लाइट गेलेली असताना, मनानं बांधल्या. मोबाइलमागे पितळेची परात उभी करावी, रेंज गोळा होते. मोबाइल तापू नये म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळावा. शेताच्या मचाणाइतक्या उंचीवर ठेवावा. आणि असंच काय काय. दहावी पायरी होती, आत्मविश्वास ठेवावा.

म्हटलं, "केशोभाऊ, तो लेख माझा आहे. त्यातलं अर्धं खोटं आहे."

केशोराव हसला. हसता हसता खोकला. "अबे, तुले चष्मा आहे का? या बाईले पाह्य. चेहऱ्यावरच हुशारी दिसून राहिली. अन तू! तुझ्या घरची टीव्ही बंद पडली तं शालीकराम येऊन सुरू करून देते."

हे खरं होतं. शालीकराम म्हणजे केशोरावचा धाकटा भाऊ. पण टीव्ही दुरुस्त करणं आणि टीव्हीवर लिहिणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. स्वयंपाकावर लिहिणाऱ्याला कोणी गॅसची नळी बदलायला सांगत नाही. मी हे कुंपणावर उभा राहून दहा मिनिटं समजावलं. तोवर तो परात मागायला धुरपताबाईकडे निघून गेला होता. गावातली सगळ्यात मोठी परात तिच्याकडे, आणि सगळ्यात मोठं तोंडही तिलाच.

दोन दिवसांनी संपादकानं एक पत्र पुढे पाठवलं. 'रुचिकाच्या वाचकाचं आलंय. तुम्हीच उत्तर द्या.' उघडलं तर केशोराव! आदरणीय रुचिका मॅडम यांनी करंजटोला मंडईस प्रमुख अतिथी म्हणून येण्याची कृपा करावी, साडी-चोळी व श्रीफळ देऊन सत्कार करण्यात येईल.

इथं मी शहाण्यासारखं 'जमणार नाही' लिहायला हवं होतं. पण चार वर्षं लिहितोय, एक सुपारी कोणी हातावर ठेवली नाही. आणि रकाना रिकामा होता. मंडईच्या मंचावर, माइकवरून, गावासमोर एकदा माझं नाव लेखक म्हणून उच्चारलं गेलं, की लीलाधरजींना पुरावा आणि रेणूला उत्तर मिळणार होतं. मी रुचिका म्हणून लिहिलं, 'येण्याचा प्रयत्न करेन. मात्र माझ्या लेखनाला तुमच्याच गावचे थोर लेखक श्री. खुशालजी भेंडारकर यांचं मोठं मार्गदर्शन आहे. माझ्याऐवजी त्यांचा सत्कार केलात तरी मला अधिक आनंद होईल.'

'थोर' शब्दावर मी जरा थांबलो होतो. मग म्हटलं, रुचिका लिहितेय. तिला वाटत असेल तसं.

पत्र पोचलं आणि तासाभरात केशोराव आमच्या ओसरीवर. आनंदानं नाही, रागानं.

"काऊन बे, मॅडमची वळख आहे अन सांगून नाई राहिला? आता तूच जाशील तिरोड्याले, स्टेशनावर आनाले. रिकामाच आहेस."

"पण त्यांनी लिहिलं ना, माझा सत्कार..."

"मोठी मानसं तसं लिहितेत. मनाचा मोठेपना."

दुसऱ्या दिवशी पत्रकं छापून आली. प्रमुख अतिथी : सुप्रसिद्ध रुचिका मॅडम, पुणे. खाली समितीच्या एकवीस जणांची नावं. एकविसाव्यानंतर 'व समस्त गावकरी'. त्यात मी आलो.

संध्याकाळी धुरपताबाई आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. मी आतल्या खोलीत 'थंडीत मोबाइलची काळजी' लिहीत होतो. सगळं ऐकू येत होतं.

"दुर्गेश्वरी, डोळे उघडे ठेव वो माय. पुन्याची बाई, चस्मेवाली. तुझ्या नवऱ्याले पत्र लिहून राहिली. थोर म्हनते त्याले. थोर! कोन म्हनंल?"

ती गेल्यावर दुर्गेश्वरी दारात उभी राहिली. कमरेवर हात.

"मले तं माहीत आहे का तुमीच ते बाई. पन धुरपताबाईले कसं समजावू, का माझी सवत माझाच नवरा आहे?"

"सांगून टाक खरं."

"सांगतलं. तं म्हनते, बिचारी! नवऱ्याले वाचवून राहिली."

चार वर्षांत बायको सोडून चार लोकांना मी खरं सांगितलं आणि एकानंही मानलं नाही. आणि तीच माणसं परात उभी केली की रेंज गोळा होते हे एका झटक्यात मानतात. आमच्या लोकांना खरं बोलणारा चष्म्याशिवाय पटत नाही. बोला.

मंडईचा दिवस उजाडला. गावाबाहेरच्या मोकळ्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मंडप, पाळणे, जिलेबी, फुगे. मंचासमोर मचाण उभारलं होतं. त्यावर केशोरावचा नवा मोबाइल, मागे धुरपताबाईची परात, आणि खाली पोतं भिजवायला दोन घागरी. मी शेवटचा प्रयत्न केला. "केशोभाऊ, पोतं नको."

"हात नोको लावू! मॅडमनं सांगतलं तसंच होईल. तू जा स्टेशनावर. हे हार घे."

शालीकरामला माझ्यासोबत साक्षीला दिलं होतं. आम्ही त्याच्या ऑटोत बसलो. मांडीवर झेंडूचा जाडजूड हार. मी स्वतःला आणायला स्टेशनावर निघालो होतो. हे वाक्य मी सावकाश लिहितोय, कारण त्या दिवशी त्याचा अर्थ डोक्यात शिरायला मला तिरोडा येईपर्यंतचा वेळ लागला.

गाडी आली. दोन मिनिटं थांबली. एक म्हातारा, एक बकरी आणि धानाच्या कोंड्याची पाच पोती घेऊन एक माणूस उतरला. गाडी गेली.

"आल्या नाईत का?" शालीकराम म्हणाला.

"आल्या," मी म्हटलं. "चल परत."

त्यानं माझ्याकडे लीलाधरजींसारखंच पाहिलं.

मला स्वस्थ बसवेना. मोबाइल उघडून आमच्या मंडईचं लाइव्ह लावलं. सुरू होतं! ढोलकीचा आवाज घुमत होता. आणि चित्र? करड्या रंगाचा अंधार. मधे मधे सुतळीचा एक धागा. खाली हैदराबादवाल्यांचे निरोप पडत होते. 'काही दिसून नाही राहिलं.' 'केशोकाका, अंधार आहे गा.' 'आमची आई पहिल्या रांगेत बसली असंल, थोडं दाखवा ना.' 'अर्धा तास झाला, सुपरवायझर येईल आता.'

ओलं पोतं गुंडाळा, असं मी लिहिलं होतं. भोक पाडा, असं लिहायचं राहिलं होतं. आणि त्यांनी अक्षरन् अक्षर पाळलं होतं. माझं लिखाण इतकं मन लावून आजवर कोणी वाचलं नव्हतं. लेखकाला याहून मोठा मान काय मिळणार? मला रडू यायला लागलं.

केशोरावच्या जुन्या मोबाइलवर फोन लावला. बंद. लीलाधरजी, बंद. दुर्गेश्वरी, बंद. सातवी पायरी आठवली. कार्यक्रमाआधी परिसरातले बाकी सगळे मोबाइल बंद करावेत, लहरी मोकळ्या राहतात. माझीच!

"शालीकराम, पळव!"

"मॅडम?"

"अरे पळव म्हणतो ना!"

अकरा किलोमीटर. त्यात आपला रस्ता. एका खड्ड्यात ऑटो बंद पडला. मी उतरून ढकलला. दुसऱ्या खड्ड्यात आपोआप सुरू झाला आणि मी मागे राहिलो. शेवटचा अर्धा किलोमीटर धानाच्या बांधावरून धावलो, आणि मचाण चढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून हार गळ्यात घातला. मंचावर गोंधळ. माइक केशोरावच्या हातात, तो मचाणाखालीच उभा, मॅडमची वाट पाहत. माझ्या गळ्यात हार पाहून त्याचा जबडा खाली आला.

"मॅडमचा हार काऊन घातला बे?"

मी वर चढलो. परातीला लाथ मारली. ती बांधीत पडली, आणि मंडईभर असा आवाज झाला की ढोलकी थांबली. पोतं ओरबाडलं. ओल्या हातानं मोबाइल उलटा झाला, कॅमेरा पालटला, आणि पडद्यावर माझंच तोंड आलं. लाल, घामेजलेलं, झेंडूत बुडालेलं.

"खाली ये!" केशोराव माइकवरच ओरडला. "मॅडमनं सांगतलं तसंच राहू दे!"

"मॅडम मी आहे!" मी ओरडलो. माइक जवळच होता. "मीच रुचिका आहे! चार वर्षांपासून मीच लिहितो! दहा पायऱ्यांपैकी चार खऱ्या आहेत, बाकी सहा मी बसल्या जागी बनवल्या! पोतं खोटं! परात खोटी! फोन सुरू करा सगळ्यांनी, पोरांना तुमची तोंडं दिसून नाही राहिली तिकडं!"

पाळणेसुद्धा थांबल्यासारखे वाटले. म्हटलं, झालं. एकदाचं सांगून झालं. गावासमोर, माइकवरून, खरं.

आणि मग दंडारीतला ईश्वरदास, हिरवी साडी, नथ आणि दोन दिवसांची दाढी, मंचावरून पदर खोचत म्हणाला, "अगे रुचिके, लाजतेस कायले, वर ये ना!"

सगळी मंडई फुटली. बाया एकमेकींच्या अंगावर पडल्या. लोक शिट्ट्या मारायला लागले. ढोलकीवाल्यानं ठेका धरला. त्यांना वाटलं, समितीनं यंदा नवं सोंग काढलं. बाईच्या नावानं फिरणारा पुरुष दंडारीत दरवर्षी असतो, यंदाचा जरा उशिरा आला एवढंच.

केशोराव मुरलेला माणूस. पत्रक छापलं होतं, मॅडम येणार नव्हती, साडी आणून ठेवली होती. दोन क्षण त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि माइक तोंडाला लावला. "गावकऱ्यांनो, आपल्या प्रमुख अतिथी रुचिका मॅडम आलेल्या आहेत!"

मला मचाणावरून उतरवून मंचावर नेलं. साडी, चोळीचं कापड, नारळ. लीलाधरजी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. धुरपताबाई परातीला पडलेला पोचा पदरानं पुसत हसत होती. उरलेली दंडार नीट लाइव्ह गेली. मोबाइल चार्ज होता, नेट होतं, ॲप उघडं होतं, बटण दाबलेलं होतं. चार पायऱ्या पुरल्या. हैदराबादच्या पोरांना त्यांच्या आया दिसल्या. एक तर दोनदा, कारण ती मुद्दाम कॅमेऱ्यासमोरून परत गेली.

साडी दुर्गेश्वरीनं दुसऱ्याच दिवशी नेसली. गर्द जांभळी, रुपेरी काठाची. आरशात पाहत म्हणाली, "सवतीची असली तरी चांगली आहे."

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी लीलाधरजी स्वतः घरी आले. हातात शिक्का मारलेला कागद. "खुशालभाऊ, उगाच लपवत होते. हे घ्या दाखला." मी वाचलं. 'दाखला देण्यात येतो की, श्री. खुशाल भेंडारकर हे मौजा करंजटोला येथील दंडार कलावंत (स्त्री भूमिका) आहेत.'

"मी लेखक आहे!" मी किंचाळलो.

"तेच म्हनून घ्या. पन्नाशी झाली का मानधनाले अर्ज करता येते कलावंताले. लेखकाचं मले काही माहीत नाई." चहा पिऊन ते गेले.

तो कागद हातात घेऊन मी ओसरीवर येरझारा घालत राहिलो. सकाळी रेणू शाळेत जाणार. रकान्यात आता काय लिहायचं? स्त्री भूमिका? त्यापेक्षा 'घरी राहते' बरं होतं. निदान कोणती साडी नेसून ते तरी विचारलं नसतं कोणी.

रेणू दप्तर भरत होती.

"आण तो फॉर्म," मी म्हटलं. "मी भरतो."

"भरला मी. मंडईच्याच दिवशी."

"काय लिहिलंस?"

तिनं फॉर्म काढून दिला. रकाना लहान, तिचं अक्षर मोठं, म्हणून ओळ खालच्या रकान्यात उतरली होती. 'वडिलांचा व्यवसाय : लेखक. दहात चार खरं लिहिते.'

माझ्या हातातला दाखला घडी होऊन खिशात गेला. मी म्हटलं, "अगं, असं लिहिते का कोणी? मास्तर काय म्हणतील?"

"काय म्हनतील बाबा," रेणू दप्तराची चेन ओढत म्हणाली, "दहात चार म्हनजे चाळीस टक्के. आमच्या शाळेत पस्तीसला पास करतेत."